देवघेव खिडकीच्या आतला माणूस

बीड जिल्ह्याला स्वतःचं विद्यापीठ नाही. 1958 साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं, 1994 मध्ये त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं, आणि बीडची महाविद्यालयं त्याच विद्यापीठाला संलग्न आहेत. त्यामुळे आष्टी, धारूर किंवा वडवणीच्या मुलाला विद्यापीठाचं ग्रंथालय भेटतं ते त्याच्या कॉलेजातल्या एका हॉलच्या रूपात. विद्यापीठाच्या मोठ्या ग्रंथालयात बहुतेकांचं पदवीच्या सगळ्या वर्षांत एकदाही पाऊल पडत नाही. विद्यापीठीय ग्रंथालयातले कर्मचारी कशानं झटून काम करतात आणि कशानं खचतात, हे बीडमध्ये पाहायचं तर कॉलेजच्या देवघेव खिडकीशीच जावं लागतं.

त्या खिडकीच्या आत दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या शेजारी शेजारी नांदतात. ग्रंथपाल नेट-सेट किंवा पीएच.डी. झालेला असतो. त्याला यूजीसीची, म्हणजे सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीची वेतनश्रेणी असते. सातव्या वेतन आयोगात ती 57,700 रुपये मूळ वेतनापासून सुरू होते. त्याच हॉलमध्ये ग्रंथालय परिचर असतो, त्याच्या श्रेणीची सुरुवात 15,000 रुपयांपासून. मधल्या पायरीवर सहायक ग्रंथपाल, लिपिक अशी पदं कागदावर असतात. पण माणूस निवृत्त झाला की जागा रिकामी राहते आणि त्याचं काम उरलेल्यांवर येऊन पडतं. म्हणजे ग्रंथपालाचं नेतृत्व दोनतीन माणसांवरचं. त्यातला एखादा तासिका किंवा रोजंदारी तत्त्वावर आलेला. व्यवस्थापनाची बहुतेक पुस्तकं शेकडो कामगारांचे कारखाने डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत. इथे प्रश्न दोनतीन माणसांचा आहे, आणि तो सोपा नाही.

परिचर दिवसभर करतो काय? बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, पुस्तकं आणून देतो आणि परत ठेवतो. त्यातलं ‘परत ठेवणं’ जवळून पाहू. मराठी साहित्याचा दशांश वर्गांक 891.46. पुढे 1 आला की कविता, 2 आला की नाटक, 3 आला की कथा-कादंबरी. परत आलेला कवितासंग्रह घाईत कादंबऱ्यांच्या कपाटात गेला, तर तो दाखल नोंदवहीत आहे, संगणकावर ‘उपलब्ध’ दिसतो, आणि तरीही कुणालाच मिळत नाही. पुढच्या ग्रंथपडताळणीपर्यंत तो हरवल्यातच जमा. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात टेबलावर परत आलेल्या पुस्तकांचे ढीग साठतात, वीज गेलेली असते, पाठीमागच्या रांगेत कण्यावरची चिठ्ठी वाचायला मोबाइलचा प्रकाश पाडावा लागतो. तेवढ्यात खिडकीतून आवाज येतो, “मामा, राज्यशास्त्राचं ते निळ्या कव्हरचं आलं का?” मामांना लेखक आठवत नसेल, पण ते पुस्तक काल कुणी नेलं, कोणत्या वर्गातल्या मुलीनं आधी नाव सांगून ठेवलंय, आणि जुनी आवृत्ती कुठल्या कप्प्यात पडून आहे, हे त्यांना पाठ असतं. हे ज्ञान कोणत्याही संगणकात भरलेलं नाही. मामा निवृत्त झाले की ते त्यांच्याबरोबर घरी जातं.

काम नीट झालं की ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पुस्तक जागेवर सापडलं तर वाचक पुस्तक घेऊन निघून जातो; सापडलं नाही तरच बोलतो. अशा कामात माणसाचं मन लागावं कसं, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग भागातल्या 203 अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना दोन साधे प्रश्न विचारले होते: नोकरीत फार बरं वाटलं असा प्रसंग सांगा, आणि फार वाईट वाटलं असा सांगा. 1959 साली त्यांनी निष्कर्ष पुस्तकरूपात मांडले. वाईट प्रसंगांमध्ये कार्यालयाची धोरणं, वरिष्ठांची वागणूक, पगारातला अन्याय असे विषय येत होते. चांगल्या प्रसंगांमध्ये हाती घेतलेलं काम तडीस गेल्याचं समाधान, मिळालेली दाद, सोपवलेली जबाबदारी. हर्झबर्ग म्हणाले की हे दोन वेगळे हिशेब आहेत. पगार वेळेवर आणि न्याय्य नसेल तर माणूस धुमसतो. पण तो दिला म्हणून आपोआप कामात रमतो असं नाही. त्यांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली. यश मिळालं की माणूस श्रेय स्वतःकडे घेतो आणि अपयशाचं खापर साहेबांवर फोडतो, तेव्हा अशी उत्तरं येणारच, असा एक आक्षेप होता. तो मला वजनदार वाटतो. तरीही बीडच्या ग्रंथालयात उभं राहिलं की हर्झबर्गची विभागणी पुष्कळशी पटते.

मात्र तिचा एक दुरुपयोग सर्रास होतो, तो आधी बाजूला करायला हवा. ‘पैशानं प्रेरणा येत नाही’ एवढंच उचलायचं आणि पगाराचा विषय टाळायचा. 2023 च्या फेब्रुवारीत राज्यभरातल्या विद्यापीठांचे आणि महाविद्यालयांचे शिक्षकेतर कर्मचारी संपावर गेले. त्यांच्या मुख्य मागण्यांमध्ये आश्वासित प्रगती योजना होती. या योजनेचा अर्थ इतकाच, की बढतीची जागाच नसेल तर ठरावीक वर्षांनंतर निदान वरची वेतनश्रेणी तरी मिळावी. परिचर म्हणून लागलेला माणूस तीस वर्षांनी परिचर म्हणूनच निवृत्त होणार असेल, तर त्याच्याकडून उत्साहाची अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची? सार्वजनिक ग्रंथालयांची दशा तर याहून वाईट. महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ‘ड’ वर्ग वाचनालयाचं वार्षिक अनुदान 2022 साली 60 टक्क्यांनी वाढलं, ते 30 हजारांचं 48 हजार झालं. त्यातला निम्मा भाग पगाराला धरला तर ग्रंथपालाच्या हाती महिन्याला दोन हजार रुपये येतात. तिथे प्रेरणेचे सिद्धांत सांगायला जाणं मला क्रूर वाटतं. आधी पगार, मग सिद्धांत.

पगार पुरेसा असेल तरी पुढे काय होतं, याचं उत्तम उदाहरण भारतीय ग्रंथालयशास्त्राच्या जनकाचंच आहे. शियाळी रामामृत रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होते. 1924 च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पगार प्राध्यापकीपेक्षा बरा होता. पण वर्गात मुलांच्या गराड्यात राहिलेल्या या माणसाला ग्रंथालयातली शांतता सोसवेना. वाचक फिरकत नव्हते, करण्यासारखं काही दिसत नव्हतं. थोड्याच दिवसांत ते जुन्या कॉलेजात जाऊन मला परत घ्या म्हणून सांगू लागले. ग्रंथपालाला प्रशिक्षणासाठी लंडनला पाठवायचं ठरलेलं होतं. तिथून परत आल्यावरही मन लागलं नाही तर पाहू, असं सांगून त्यांना परत धाडण्यात आलं.

लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात ते शिकले आणि इंग्लंडमधली ग्रंथालयं हिंडून पाहिली. कामगार वस्तीत संध्याकाळी भरलेल्या वाचनखोल्या, मुलांसाठी राखलेले विभाग, कपाटांना कुलूप नाही, लोक स्वतः पुस्तकं हाताळताहेत. ग्रंथपालाच्या खुर्चीचा उपयोग काय, हे त्यांना तिथे दिसलं. 1925 मध्ये परतल्यावर त्यांनी गणिताकडे परत जायचं नावही काढलं नाही. मद्रासची कपाटं वाचकांना खुली केली आणि 1944 पर्यंत तिथेच काम केलं. 1931 साली आलेल्या त्यांच्या पाच सूत्रांपैकी पहिलं सूत्र, पुस्तकं वापरासाठी आहेत, आज ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतं. पण त्या सूत्रामागे राजीनाम्याच्या उंबरठ्यावर पोचलेला एक कंटाळलेला कर्मचारी होता, हे वर्गात सहसा सांगितलं जात नाही. पगारानं त्यांना ग्रंथालयात आणलं, वाचक नसल्यानं ते निघाले होते, आणि वाचक दिसल्यावर जन्मभर राहिले.

याला पुष्टी देणारा एक प्रयोग त्या मानानं अलीकडचा. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात काही कर्मचारी माजी विद्यार्थ्यांना फोन करून शिष्यवृत्तीसाठी देणग्या मागायचे. कंटाळवाणं काम, नकारच जास्त. अॅडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या काही जणांची शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी पाचेक मिनिटं गाठ घालून दिली. दुसऱ्या गटाला फक्त पत्र वाचायला दिलं, तिसऱ्याला काहीच नाही. महिन्याभरानंतर विद्यार्थ्याला भेटलेल्यांचा फोनवरचा वेळ आणि जमवलेली रक्कम, दोन्ही दुपटीच्या वर गेल्याचं दिसलं. पत्र वाचणाऱ्यांत फरक पडला नाही. हा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला.

आता बीडकडे या. इथल्या कॉलेजांच्या वाचनकक्षात सकाळपासून बसणारी बरीच मुलं अभ्यासक्रमाची पुस्तकं वाचायला आलेली नसतात. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. लक्ष्मीकांतचं राज्यव्यवस्थेवरचं जाडजूड पुस्तक, चालू घडामोडींची मासिकं, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका. त्यांतल्या अनेकांचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात. घरी अभ्यासाला जागा नाही, शांतता नाही. वाचनकक्षातली खुर्ची हीच त्यांची अभ्यासिका. यातला एखादा मुलगा भरती होतो. पेढे घेऊन येतो. प्राचार्यांच्या दालनात फोटो निघतो, संस्थेच्या फलकावर नाव लागतं. ज्या माणसानं दोन वर्षं त्याच्यासाठी सकाळी वेळेआधी दार उघडलं, मासिकाचा नवा अंक बाजूला काढून ठेवला, त्याच्यापर्यंत पेढा पोचतोच असं नाही. त्या मुलानं देवघेव खिडकीशी जाऊन पाच मिनिटं बोलावं, एवढी व्यवस्था करायला शासन निर्णय लागत नाही, निधी लागत नाही. ग्रँटच्या प्रयोगात नेमकं तेच झालं होतं.

आपल्या श्रमाचा उपयोग डोळ्यांनी पाहायला मिळणं, हे ग्रंथालयातल्या माणसाचं खरं बळ आहे असं मला वाटतं. वाचक आणि कर्मचारी यांच्यातलं अंतर जे कमी करतं ते नेतृत्व. आता ते अंतर वाढवणाऱ्या गोष्टी पाहू. त्यातली सगळ्यांत मोठी भीती.

पुस्तक हरवलं तर? वसुली कुणाच्या पगारातून? हा प्रश्न एकदा मनात बसला की कपाटांना कुलपं लागतात. मुलांना रांगेपर्यंत येऊ द्यायचं नाही, चिठ्ठी लिहून खिडकीतून द्यायची, नवीन महागडं पुस्तक संदर्भ विभागात टाकून मोकळं व्हायचं. परिचर राखणदार होतो आणि प्रत्येक वाचक संशयित. हे कुणी दुष्टपणानं करत नाही. आपली कातडी वाचवण्यासाठी करतात. खरं तर नियम इतके कठोर नाहीत. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांमध्ये दर हजार देवघेवींमागे वर्षाला पाच पुस्तकांपर्यंत गहाळ होणं वाजवी धरलं आहे. अट एवढीच, की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांहून महाग आणि दुर्मीळ पुस्तकांची चौकशी मात्र व्हायची. राज्यातल्या महाविद्यालयांनी हे प्रमाण आधाराला घेऊन आपापल्या ग्रंथालय समितीत ठराव करून घ्यायला काय हरकत आहे? प्राचार्य अध्यक्ष, ग्रंथपाल सचिव, बैठक वर्षातून एकदोनदा होतेच. त्या बैठकीत पुस्तक खरेदीच्या याद्या मंजूर होतात. गहाळ पुस्तकांचा ठरावही होऊ शकतो. ग्रंथपालानं आपल्या माणसांसाठी करायची ही पहिली लढाई आहे, कारण परिचर ती स्वतः लढू शकत नाही.

इथे ग्रंथपालाची स्वतःची अडचणही समजून घेतली पाहिजे. तो प्राध्यापकांच्या श्रेणीत आहे, पण वर्ग घेत नाही, म्हणून स्टाफरूममध्ये अर्धा परका. कर्मचाऱ्यांचा साहेब आहे, पण नेमणूक, रजा, बढती यांतलं काहीही त्याच्या हाती नाही. ते संस्था, प्राचार्य आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय यांच्याकडे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की अचानक त्याचं महत्त्व वाढतं. नॅकच्या निकषांत ग्रंथालयाचा भाग आहे, तेव्हा सोल किंवा कोहा या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत किती नोंदी झाल्या, एन-लिस्ट या ई-साहित्याच्या योजनेचं सदस्यत्व आहे का, भेटींची नोंदवही कुठे, यांची धावपळ सुरू होते. समिती जाते, फाइल कपाटात जाते. नोंदी भरण्याचं श्रेय अहवालाला मिळतं, रात्री आठपर्यंत बारकोड चिकटवत बसलेल्या माणसाला क्वचितच.

अधिकार एवढे तोकडे असताना नेतृत्व करायचं कसं, याबद्दल 1939 सालच्या एका प्रयोगातून बरंच कळतं. कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी आयोवा विद्यापीठात दहाएक वर्षांच्या मुलांचे गट करून त्यांना नाटकाचे मुखवटे बनवण्यासारखी कामं दिली. एका पद्धतीचा पुढारी हुकूम सोडायचा, दुसरा मुलांशी बोलून ठरवायचा, तिसरा मुलांना वाऱ्यावर सोडायचा. हुकमी पुढाऱ्याच्या गटात तो समोर असताना काम भरपूर व्हायचं. तो खोलीबाहेर गेला की काम झपाट्यानं घसरायचं. विचारविनिमय करणाऱ्या पुढाऱ्याच्या गटात तो असो वा नसो, फारसा फरक पडत नसे. कॉलेजचा ग्रंथपाल दिवसातला किती वेळ ग्रंथालयात असतो? परीक्षेची कामं, निवडणुकीची कामं, समित्या, विद्यापीठात खेपा. खिडकी त्याच्या पाठीमागेच चालते. धाकानं चालवलेलं ग्रंथालय तो जिन्यावरून उतरला की बंद पडतं.

विचारविनिमय म्हणजे सभा भरवणं नव्हे. ऊसतोडीच्या घरातल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. ती आईवडिलांबरोबर तोडीला गेली आणि मध्येच परीक्षेला येणार आहे. सात दिवसांची मुदत तिच्या कामाची नाही; रोजचा दंड साचत गेला तर ती पुस्तक परत करायलाच घाबरेल, आणि वर्षअखेरीस ना-देय दाखल्याशी अडकेल. हे सगळं देवघेवीवरच्या माणसाला ग्रंथपालाच्या आधी कळतं, कारण मुलगी त्याच्याशी बोललेली असते. त्याला फक्त नियम वाचून दाखवायचा अधिकार असेल तर तो नियम वाचून दाखवेल. पण हंगामभराची मुदत देण्याचा निर्णय त्यानं घ्यावा आणि नोंदवहीत सही करावी, असं ठरवून दिलं असेल, तर तेच काम वेगळं होतं. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी 1970 च्या दशकात कामात जीव ओतायला लावणाऱ्या पाच गोष्टी मांडल्या होत्या. कौशल्यांची विविधता, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून होणं, त्याचा कुणाला उपयोग असणं, स्वतः ठरवण्याची मुभा आणि कसं झालं हे कळणं. त्या एका सहीत यातल्या निदान तीन आल्या.

पुस्तकांच्या जपणुकीच्या कामाला मात्र उपयोग डोळ्यांनी दिसण्याचा हा हिशेब नीट लागू पडत नाही, हेही खरं. अंबाजोगाईत संत दासोपंतांची पासोडी आहे, सुमारे चाळीस फूट लांब कापडावर लिहिलेली. दासोपंत 1615 साली गेले. कापड कुजतं, कसर लागते, घरं बदलतात, राजवटी बदलतात. तरी ती चार शतकं टिकली, कारण पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी ती सांभाळली. सांभाळणाऱ्यांपैकी कितीजणांना तिचा वाचक भेटला असेल? अशा कामाला श्रद्धा लागते, आणि तिची मोजदाद कोणत्याही मूल्यमापन तक्त्यात होत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयातही बांधणी सुटलेली जुनी मराठवाड्याची गॅझेटियर, निजामकाळातली उर्दू पुस्तकं कुणीतरी पुसून, दोरा बांधून ठेवतं. वार्षिक अहवालात देवघेवीचा आकडा येतो. या कामासाठीही तिथे दोन ओळी असायला हव्यात.

राहिला कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाचा प्रश्न. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड, मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, यांनी 1910 साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालय खातं उभं केलं, आणि लगोलग 1911 मध्ये ग्रंथालयातल्या माणसांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. पुस्तकांइतकीच माणसं घडवावी लागतात, हे त्या राजाला शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं. आज परिचराला वाट उपलब्ध आहे: जिल्हा ग्रंथालय संघाचा प्रमाणपत्र वर्ग, नंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची ग्रंथालयशास्त्राची पदवी, नोकरी सांभाळून. अडतं ते सुट्टीवर आणि पुढच्या जागेवर. संपर्कसत्राच्या रविवारी त्याची ड्युटी लावायची नाही, हे ग्रंथपाल करू शकतो. लिपिकाची रिकामी जागा भरणं त्याच्या हाती नाही; पण ती रिकामी आहे, ते काम प्रमाणपत्र झालेला परिचर आज करतो आहे, आणि गेल्या वर्षात त्यानं अमुक इतकं काम केलं, हे त्याच्या नावानिशी प्राचार्यांमार्फत सहसंचालकांना दरवर्षी लेखी कळवणं आहे. आवक क्रमांक पडलेलं ते पत्र पुढे जागा निघाल्यावर त्या माणसाला आपला हक्क मांडायला पुरावा म्हणून दाखवता येतं.